दोघींत मिळून एक दाखला

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, कटिंगमास्तर. शाळेशी त्यांचं लहानपणीच फाटलं होतं. गणिताच्या तासाला पुढच्या बाकावरच्या मुलाच्या शर्टाची शिवण बोटानं चाचपत बसले म्हणून गुरुजींनी वर्गाबाहेर काढलं, ते जे बाहेर पडले ते पुन्हा आत गेलेच नाहीत. पण नावापुढचं मास्तर जन्मभर पुरलं. रस्त्यातून एखादा खरा शिक्षक त्यांच्याबरोबर चालला असला आणि मागून कुणी "ओ मास्तर" म्हणून हाक मारली, तर आधी मान वळायची ती यांची.

दुकान रस्त्याला लागून. काचेचं दार, आत कापायचं लांबलचक टेबल, त्याच्या टोकाला खिडकीशी मशीन, आणि मागच्या दारातून गेलं की स्वयंपाकघर नि दोन खोल्या. टेबल मास्तरांचं, मशीन बायकोचं. वाटणी अशी पक्की, की मास्तरांनी मशीनच्या पायडलवर कधी पाय ठेवला नाही आणि बायकोनं मोठी कात्री कधी हातात धरली नाही. मास्तर कापायचे, ती शिवायची.

आता, कापणारा एक आणि शिवणारा दुसरा हे पुष्कळ दुकानांत असतं. त्यात नवल नाही. पण बाकीचे लोक कापताना कडेला बारीक खाचा मारतात, म्हणजे बाही कुठं जोडायची, चुणी कुठं घ्यायची ते शिवणाऱ्याला कळतं. शिवणीत किती कापड सोडलंय त्याची खडूनं रेघ ओढतात. मास्तर यातलं काही म्हणजे काही करायचे नाहीत. तुकडे कापायचे आणि टेबलावरून पलीकडे सरकवायचे. बायको दोन बोटांनी कड चाचपायची आणि तिला कळायचं, इथं इतकं आत घ्यायचं, इथं नाही.

"खुणा कुणासाठी करायच्या?" मास्तर म्हणायचे. "तिला कळतं."

एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून ते पुढं दोघांनाही आठवेना, पण अबोला आठवडाभर टिकला. नेमकं त्याच आठवड्यात वाजंत्र्यांच्या पथकाचे सगळे कोट आले होते शिवायला. तुकडे सरकत राहिले, मशीन चालत राहिलं, तोंडातून अक्षर नाही. कोट असे उतरले की पथकातला पोट सुटलेला ढोलवाला आरशासमोरून हलेना, बारीक दिसतोय म्हणाला. समोरचा बटणवाला दारात उभा राहून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "मास्तर, वहिनी, हात जोडतो, एवढ्यात समेट करू नका. काम फार सुरेख होतंय." त्यावर बायको फिसकन हसली आणि अबोला तिथंच मोडला.

त्यांना मुली झाल्या त्या जुळ्या. एक आधी आली आणि दुसरी तिच्यामागून, चहाला उकळी फुटावी इतक्या वेळानं. तेवढ्यावर एक थोरली ठरली नि दुसरी धाकटी. थोरलीनंही ते थोरलेपण इतकं मनावर घेतलं की चालायला लागल्यापासून धाकटीचं नाक पुसायला तीच धावायची.

मुली वरच्या शाळेत गेल्या. तिथं पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असायचं आणि पुढची तीन वर्षं विषय आपले आपण निवडायचे. विषयांचा कागद घरी आला तेव्हा मास्तरांनी तो टेबलावर कापडासारखा पसरला, तळहातानं सुरकुत्या मोडल्या आणि डोळे बारीक करून बराच वेळ बघितला.

"हे बघा," हात मधोमध आडवा धरून ते म्हणाले, "भाषा नि इतिहास या अंगाला. गणित नि विज्ञान त्या अंगाला. थोरलीचं डोकं आकड्यांत चालतं, तिनं ते घ्यायचं. धाकटी एकदा बोलायला लागली की थांबत नाही, तिनं हे घ्यायचं. संध्याकाळी इथं बसून एकमेकींना शिकवायचं. घरात सगळी विद्या आली, आणि कुणा एकीच्या डोक्यावर भार नाही."

बायकोनं मशीन थांबवलं. "अहो, मुली म्हणजे काय बाही नि कॉलर आहेत?"

"अगं, मग आपण कोण आहोत? तुला कापता येतं? मला शिवता येतं? अडलंय का आजवर कुठं?"

"शाळेचं काहीतरी म्हणणं असेल ना त्यावर."

"शाळा म्हणते निवडा. आपण निवडलं."

थोरली हळूच म्हणाली, "बाबा, शेवटी दोघींनाही सगळंच लागतं. श्रेयांक म्हणतात त्याला. प्रत्येक विषयाचे ठरलेले जमले तरच दाखला मिळतो, असं बाई सांगत होत्या."

"शेवटी म्हणजे कधी?"

"शेवटचं वर्ष संपेपर्यंत."

"मग शेवटी बघू," मास्तर म्हणाले, आणि सही केली.

त्यांचं सगळंच काही चुकलं होतं असं नाही, कारण त्यानंतरचं वर्ष-दीड वर्ष त्या घरातलं सगळ्यात गोड गेलं. संध्याकाळी टेबलाच्या टोकाशी दोघी बसायच्या. बर्फ पाण्यावर का तरंगतो ते थोरली समजावून सांगायची, आणि धाकटी म्हणायची, "तरंगतो ना? मग झालं, त्याला त्रास का देतेस?" मग धाकटी एखाद्या जुन्या राजाची हकिगत असे हातवारे करून सांगायची की मशीन आपोआप मंदावायचं. मास्तर कापता कापता ऐकायचे. राहिलेली शाळा त्यांची त्या टेबलाशीच झाली. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता ते त्याला बर्फाचं कारण सांगायचे, आणि गिऱ्हाईक श्वास रोखून उभं असल्यामुळे बिचाऱ्याला ऐकावंच लागायचं.

शाळेत विषय बघणाऱ्या एक बाई होत्या. वर्ष संपत आलं की त्या मुलींना विचारायच्या, राहिलेलं कधी घेणार? दोघी सांगायच्या, पुढच्या वर्षी. नावडतं मागं टाकणारी मुलं शाळेत पुष्कळ असायची, त्यामुळे बाईही मान हलवायच्या.

शाळेच्या तिसऱ्या वर्षी बायकोच्या छातीचं दुखणं सुरू झालं. आधी मशीनवर बसल्या बसल्या खोकायची. मग बसवेना. मग खाटेवरून थोरलीला हाताशी बसवून, कापलेल्या तुकड्याची कड तिच्या बोटांत द्यायची आणि म्हणायची, "दाब. आता सांग किती आत घ्यायचं." थोरली सांगायची. चुकलं तर ती बोट धरून पुन्हा फिरवायची. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर मास्तरांना बाजूला घेऊन फार काही बोलले नाहीत, आणि त्यातच सगळं आलं. थंडी संपता संपता ती गेली.

त्यानंतर मास्तर टेबलाशी उभे राहिले ते कापतच राहिले. दुसरं काही हाताला माहीतच नव्हतं. कापायचं आणि सवयीनं पलीकडे सरकवायचं. तुकडे जाऊन थांबलेल्या मशीनला टेकायचे, त्यावर आणखी तुकडे, मग आणखी. गिऱ्हाइकं दारातून बघायची, कपड्यांचं विचारायला आलेली, आणि काही न विचारता परत जायची. बटणवाला रोज संध्याकाळी येऊन नुसता बसायचा. शेवटी एका दुपारी थोरली शाळेतून आली, दप्तर खुंटीला लावलं, आईच्या स्टुलावर बसली आणि सगळ्यात वरचा तुकडा उचलून तिनं कड चाचपली. धाकटी स्वयंपाकघरात गेली. वाटणी पुन्हा झाली. या वेळी ती कुणी केली नाही, आपली आपण झाली.

चौथं वर्ष लागलं आणि बाईंनी मास्तरांना शाळेत बोलावलं. खोलीतली खुर्ची मुलांच्या मापाची, मास्तर गुडघे छातीशी घेऊन बसले. बाईंनी दोघींचे विषय समोर मांडले. थोरलीचं भाषेचं आणि इतिहासाचं दोन वर्षांचं राहिलेलं. धाकटीचं गणित राहिलेलं, विज्ञान राहिलेलं, प्रयोगशाळेचे तास तर जवळजवळ कोरेच. थोरलीला पुढं औषधं तयार करण्याचं शिक्षण घ्यायचं होतं, धाकटीला शिक्षिका व्हायचं होतं. शालान्त दाखल्याशिवाय दोन्ही दारं बंद, असं बाईंनी नीट समजावून सांगितलं.

मास्तरांनी दोन्ही कागद एकमेकांना जोडून धरले. "पण बाई, दोघींचं मिळून बघा की. हिचं रिकामं आहे तिथं तिचं भरलंय. तिचं रिकामं आहे तिथं हिचं. कमी आहे का कुठं काही?"

"दाखला दोघींना मिळून देता येत नाही हो, मास्तर."

"का?"

त्यांनी हे अगदी खरोखर विचारलं होतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "कारण उद्या त्या दोन ठिकाणी राहतील," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत हे एवढंच मास्तरांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मार्ग होता. शाळा भरण्याआधी एक सकाळचा वर्ग असायचा आणि शाळा सुटल्यावर एक. दोन्हींना बसलं तर वर्षात सगळं भरून निघण्यासारखं होतं. "पण घरचं काम दोघींवर टाकू नका," बाई म्हणाल्या. "एक वर्ष फक्त."

"नाही टाकत," मास्तर म्हणाले. त्या क्षणी ते तसं ठरवूनच उठले होते.

त्यांनी शिवायला माणूस ठेवला. कोटांच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला, हाताचा साफ, जरा तोंडाळ. पहिल्याच दिवशी त्यानं तुकडे उलटसुलट करून पाहिले. "मास्तर, खाचा कुठायत?"

"खाचा मी मारत नाही."

"मग मी काय देवाला कौल लावू?"

मास्तरांनी खाचा मारायचा प्रयत्न केला. पण किती कापड सोडतो हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना. ते हाताला माहीत होतं, डोक्याला नव्हतं. विचार करून कापायला गेले की कात्री अडखळायची, बाही जोडायचा मुंढा तिरका जायचा. आणि न विचारता कापलं तर त्या माणसाला शिवता यायचं नाही. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची एक बाही मनगटाच्या वर राहिली आणि दुसरी बोटांपर्यंत आली. तो माणूस शेवटी टेप गळ्यातून काढून म्हणाला, "राग मानू नका. तुमचं कापलेलं शिवायला तुमच्या घरातलंच माणूस पाहिजे." आणि गेला.

मग थोरली शाळेतून आली की बसायला लागली. काम साठत गेलं तशी एक दिवस सकाळीही बसलेली दिसली.

"अगं, वर्ग?"

"मी घरी लिहून देते बाबा. चालतं त्यांना."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, साठलेल्या कपड्यांकडे पाहिलं, आणि त्यांना ते पटलं. पटवून घ्यायचं असलं की माणसाला काहीही पटतं. आता स्वयंपाकसुद्धा थोरलीनं आपल्याकडे घेतला होता. धाकटी उजाडायच्या आत बाहेर पडायची ती दिवेलागणीला यायची, तोंडानं सूत्रं पुटपुटत.

वर्ष सरत आलं तेव्हा बाई स्वतःच दुकानात आल्या. मास्तरांना वाटलं कपडे शिवायचेत, त्यांनी टेप उचलली. बाई म्हणाल्या, "थोरली सकाळी यायची बंद झालीय. शाळा सुटल्यावरच्या वर्गालाही नाही. मी चिठ्ठ्या दिल्या तिच्याजवळ, तुम्ही आला नाहीत."

"लिहून देते ना ती घरून?"

"काय लिहून देते?" बाईंनी विचारलं.

मशीन थांबलं. त्याच वेळी धाकटी दारातून आत आली आणि तिनं सगळं ऐकलं. दप्तर तिथंच जमिनीवर टाकून ती म्हणाली, "तू मला सांगितलंस तुला दुसऱ्या वर्गात बसवलंय म्हणून. वेगळी बाई शिकवते, माझ्यानंतर भरतो म्हणालीस. खोटारडी कुठली."

"हळू बोल, रस्त्यावर ऐकू जातंय."

"जाऊ दे."

थोरलीनं सुई वर घेतली, दोरा तोडला. मग बोलली ते अगदी साध्या आवाजात, कपडा कधी मिळेल ते गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "दोघी गेलो असतो तर दोघींचंही राहिलं असतं. तुझं गणित कच्चं, तुला वेळ जास्त लागणार. मशीन माझ्याकडे होतंच. म्हटलं, दोघींत मिळून एक दाखला आला तरी घरात आला ना. बाबांचंच आहे की हे, अर्धं-अर्धं करायचं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मास्तरांना सोसला असता. ते टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे राहिले, आणि बाई त्यांच्याकडे न बघता काचेबाहेर बघत राहिल्या. जाताना त्यांनी सांगितलं की या वर्षीची हजेरी आता भरून निघणार नाही. पुढच्या वर्षी परत येता येईल, शाळेत एकविसाव्या वर्षापर्यंत बसू देतात. पण धाकटीची परीक्षा जवळ आलीय, तिला सांभाळा.

धाकटी पास झाली. शाळेच्या मोठ्या खोलीत नावं पुकारली, ती गेली, दाखला घेऊन आली. टाळ्या सगळ्यात जास्त वेळ थोरलीनं वाजवल्या. शेजारच्या एका बाईनं सहज विचारलं, "आणि तुझं नाव कधी गं?" तर थोरली म्हणाली, "माझं झालं की मघाशी. एकच चेहरा आहे ना, तुम्हाला कळलं नाही." ती बाई खो-खो हसली. मास्तरांनी मान खाली घातली.

धाकटीला शिक्षिकांच्या कॉलेजात जागा मिळाली, दुसऱ्या गावी. निघताना ती रडली, जात नाही म्हणाली, मी मशीनवर बसते म्हणाली. थोरलीनं तिची बॅग उचलून गाडीत ठेवली. "तू बसलीस तर लोक उघडे फिरतील. जा. मी पुढच्या वर्षी नाव घालते."

त्या उन्हाळ्यात मास्तर पहिल्यांदा मशीनवर बसले. थोरलीला सकाळ मोकळी मिळाली तर ती वर्गाला जाईल, एवढंच त्यांच्या डोक्यात. पाय पुढं मारायचे तर मशीन मागं जायचं. दोरा तुटायचा, सुई मोडायची, बोटाला टोचायची. स्वतःच्याच हातानं कापलेला तुकडा स्वतःलाच ओळखू येईना. तरी रोज पहाटे उठून बसायचे. हळूहळू शिवण सरळ जायला लागली, निदान त्यांना तसं वाटलं. कपडे गिऱ्हाइकांकडे जात होते आणि कुणाची तक्रार येत नव्हती.

मग एका दुपारी ते बाहेरून लवकर परतले आणि काचेतूनच त्यांना दिसलं. थोरली त्यांची सकाळची शिवण टाका टाका करून उसवत होती. उसवून, बोटानं कड सारखी करून, पुन्हा शिवत होती. मास्तर दारातून मागं फिरले, बटणवाल्याकडे जाऊन बसले आणि अंधारल्यावरच घरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा मशीनवर बसले.

असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. धाकटी सुट्टीला आली की दोघी टेबलाशी बसायच्या, पण शिकवायला आता धाकटीच होती आणि थोरली ऐकत काज करायची. दर वर्षी विषय निवडायचे दिवस आले की मास्तर शाळेत जायचे आणि बाईंना विचारायचे, "थोरलीची जागा आहे ना?" बाई म्हणायच्या, "आहे." घरी येऊन ते सांगायचे, "जागा आहे गं." थोरली म्हणायची, "बघू." आणि नाव घालायची तारीख निघून जायची.

मग ते शेवटचं वर्ष आलं. त्यानंतर वय निघून जाणार होतं. बाई मास्तरांना म्हणाल्या, "या वेळी तिला घेऊनच या." मास्तर जवळजवळ पळतच दुकानात आले. थोरली इस्त्री करत होती.

"उद्या शेवटची तारीख आहे. सगळं मी बघतो. काम कमी घेऊ. बंद ठेवू दुकान, वर्षभर बंद ठेवू."

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "बाबा, सोळा वर्षांच्या मुलांमध्ये बसून मला आता निबंध नाही लिहायचा. आधी लिहायचा होता. खूप होता. आता त्यातलं काही राहिलं नाही."

"माझ्यामुळं."

"तुमच्यामुळं. आईमुळं. माझ्यामुळं पण. मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला उठवून पाठवलं असतंत, हे मला माहीत होतं. म्हणून नाही सांगितलं."

"राग तरी धर गं माझा," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं वाट बघतोय मी."

थोरलीनं कोटाची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. "धरून बघितला बाबा. टिकत नाही. सकाळी तुम्ही मशीनवर वाकून बसलेले दिसता."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. मास्तर पहाटे उठले, थोरलीला आता वर्गाला जायचं नव्हतं, पण सवयीनं मशीनशी बसले आणि एक बाही जोडायला घेतली. थोडं उजाडल्यावर थोरली मागच्या दारातून आली. रोजच्यासारखी दुपारपर्यंत ती थांबली नाही. स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली, त्यांच्या हातातली बाही काढून घेतली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती शिवण उसवली. मग तुकड्याची कड त्यांच्या बोटांत दिली.

"दाबा," ती म्हणाली. "आता सांगा किती आत घ्यायचं."

मास्तरांनी सांगितलं. चुकलं होतं. तिनं त्यांचं बोट धरून कडेवरून पुन्हा फिरवलं.